श्रीलंका: १२ दिवस, चौघं, फक्त लोकल बस आणि रेल्वे. प्लॅन तपासून द्याल का?

पायवाट_०७
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं (दोन मुलं, दोन मुली, सगळे पंचविशीतले) फेब्रुवारीत श्रीलंकेला जातोय. ३ तारखेला रात्री ११ ला कोलंबो विमानतळावर उतरू, १५ च्या रात्री परतीचं विमान. गाडी-ड्रायव्हर करायचा नाही, फक्त तिथली माणसं वापरतात ती बस आणि रेल्वे. आतापर्यंतचा प्लॅन:

निगोंबो (रात्री) – अनुराधापुरा – पोलोन्नरुवा – सिगिरिया – कँडी – नुवारा एलिया – एल्ला – अरुगम बे (२ रात्री) – मिरिसा – गॉल – कोलंबो. बाकी सगळीकडे एकेक रात्र.

प्रश्न: १) हे जमेल का? २) कँडी–एल्ला रेल्वेची आरक्षित तिकिटं संपलेली असली तर काय? ३) सॅक घेऊन लोकल बसमध्ये शिरता येतं का? ४) एक मैत्रीण कट्टर शाकाहारी आहे, अंडंसुद्धा नाही. ५) पैसे कसे न्यायचे?

घाटमाथा
पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. नाही जमणार. म्हणजे शरीर पोचेल, पण बघून काही होणार नाही.

तुम्ही नकाशावर किलोमीटर मोजलेत. श्रीलंकेत तास मोजायचे. साध्या बसचा वेग थांबे धरून ताशी ३० ते ३५ किमी पडतो, घाटात त्याहून कमी. कोलंबो–कँडी फक्त ११५ किमी आहे, पण साध्या बसला तीन-साडेतीन तास लागतात. शिवाय मुक्कामाची जागा स्टँडला चिकटून नसते. खोली सोडणं, स्टँड गाठणं, बस, पुन्हा रिक्षा, नवी खोली, अंघोळ असं सगळं धरलं की दोन तासांच्या बसचा अर्धा दिवस होतो. अकरा जागा म्हणजे अकरा अर्धे दिवस बॅग भरण्यातच गेले.

काय काढायचं:

अरुगम बे निर्दयपणे काढा. त्या किनाऱ्याचा हंगाम साधारण एप्रिल-मे ते ऑक्टोबर. श्रीलंकेला दोन वेगळे मान्सून आहेत. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा, तेव्हा गॉल-मिरिसाकडे पाऊस आणि खवळलेला समुद्र, पूर्व किनारा कोरडा. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा, तेव्हा सगळं उलट. फेब्रुवारीत दक्षिण किनारा आणि डोंगर हेच बरोबर.

अनुराधापुरा किंवा पोलोन्नरुवा यातलं एकच ठेवा. मी पोलोन्नरुवा ठेवीन, कारण अवशेष एका सायकलच्या टप्प्यात आहेत आणि दांबुल्लाहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

माझी मांडणी:

४ फेब्रु. निगोंबो – कुरुनेगला – दांबुल्ला. दोन बस, मध्ये कुरुनेगलाच्या स्टँडवर बदल, मिळून चार-साडेचार तास. ४ फेब्रुवारी त्यांचा स्वातंत्र्यदिन आहे, सुट्टी. बस असतात, पण गर्दी धरून चाला आणि सकाळी आठच्या आत निघा.
५. सिगिरिया (खडकावरचा प्राचीन किल्ला).
६. पोलोन्नरुवा, परत दांबुल्ला.
७. दांबुल्ला – मातले – कँडी, ७२ किमी, सव्वादोन तास.
८. कँडी.
९. रेल्वे.
१०, ११. एल्ला किंवा हपुतले.
१२. वेल्लवायामार्गे मातरा/मिरिसा.
१३. मिरिसा.
१४. गॉल.
१५. रेल्वेने कोलंबो, मग विमानतळ.

तीन रात्री दांबुल्ल्याला एकाच खोलीत काढल्यावर सॅक तिथेच ठेवून फिरता येतं. याची किंमत चौथ्या दिवशी कळते.

सिगिरियासाठी दांबुल्ला स्टँडवरून बस आहे, पाऊण तासाच्या आत पोचते. दार उघडायच्या वेळी तिकीटखिडकीवर असा. नऊनंतर खडक तापतो आणि लोखंडी जिन्यांवर रांग थांबते. सुमारे १२०० पायऱ्या आहेत. सिंहाच्या कोरीव दगडी पंजांजवळ रानमाश्यांची पोळी असतात, शांत राहा अशा पाट्या लावलेल्या आहेत. त्या गंमत म्हणून नाहीत, आरडाओरडा आणि सेंट दोन्ही टाळा. तिकीट परदेश्यांसाठी महाग आहे, पण सार्क देशांच्या नागरिकांना सवलत मिळते, म्हणून मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. झेरॉक्सवर सवलत मिळेल असं धरू नका. पैसे वाचवायचे तर समोरचा पिदुरंगला चढा, तिकीट नगण्य आणि वरून सिगिरियाचा खडक समोर पूर्ण दिसतो. फक्त शेवटच्या टप्प्यात दगडांवरून हात लावून चढावं लागतं.

पोलोन्नरुवाची एक खोच. बस पुढे कदुरुवेलाला जाते, मुख्य स्टँड तिथे. अवशेष आहेत त्या जुन्या गावाच्या चार किमी पुढे. जाताना जुन्या गावात उतरा, कंडक्टरला आधीच सांगून ठेवा. येताना मात्र रिक्षाने कदुरुवेलाला जाऊन तिथून बसा, कारण बस तिथून सुटते आणि जागा मिळते. जुन्या गावात हात दाखवलात तर दांबुल्लापर्यंत उभं राहावं लागेल.

दुसरी_खिडकी
घाटमाथाने बसचं सांगितलं, मी रेल्वेपुरतं.

सगळ्यात आधी: नोव्हेंबर २०२५ च्या दित्वा चक्रीवादळात कँडीच्या वरच्या डोंगरी मार्गावर दरडी कोसळून मोठं नुकसान झालं. तुमच्या तारखांना कुठून कुठपर्यंत गाड्या धावताहेत ते श्रीलंका रेल्वेच्या आरक्षणाच्या पानावर बघा आणि कँडीत पोचल्यावर स्टेशनात पुन्हा विचारा. एखादा टप्पा बंद असला तर तेवढा बसने जोडा. कँडीच्या गुड्स शेड स्टँडवरून (रेल्वे स्टेशनच्या शेजारीच) नुवारा एलियाची बस मिळते, ७७ किमी, अडीच-तीन तास. तिथून वेलिमडा-बंडारवेला करत एल्ला.

आता आरक्षण. खिडकी ३० दिवस आधी उघडते आणि कँडी–एल्लाच्या जागा लगेच उडतात. पण आरक्षण संपलं म्हणजे गाडी संपली असं नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाचे अनारक्षित डबे असतात, तिकीट त्याच दिवशी खिडकीवर मिळतं आणि त्याला संख्येची मर्यादा नसते. म्हणूनच ते भरतात. कँडीला चढणाऱ्याचा त्रास हा की गाडी कोलंबोहून भरून आलेली असते. बसायला मिळालं नाही तर सहा-सात तास उभं राहायचं.

यावर तीन उपाय, माझ्या पसंतीच्या क्रमाने.

एक, उलटं करा. आधी बसने डोंगरावर जा आणि रेल्वे खाली येताना धरा. त्यासाठी एल्लाहून बदुल्लाला जायचं, २० किमीच्या आसपास, बसला तासभर. बदुल्ला हे शेवटचं स्टेशन, गाडी तिथूनच सुटते, सुटण्याच्या तासभर आधी गेलात तर खिडकीची जागा तुमची. वाटेत देमोदराचं वेटोळं दिसतं, तिथे रूळ डोंगराला फेरा मारून स्टेशनच्याच खालच्या बोगद्यातून जातो. एल्लाला उतरणाऱ्यांचं हे राहून जातं.

दोन, संपूर्ण प्रवास करूच नका. सगळ्यात देखणा भाग हॅटन ते हपुतले आहे. नुवारा एलियापर्यंत बसने जा, खाली नानु ओया स्टेशन (आठेक किमी) गाठा. तिथे बरेच लोक उतरतात, डबा हलका होतो. तीन तासांत एल्ला. पट्टिपोला हे मार्गावरचं सर्वांत उंच स्टेशन याच टप्प्यात येतं, उंची १,८९० मीटरच्या पुढे.

तीन, दलालाकडून चढ्या भावाने आरक्षित तिकीट. हे करू नका. आरक्षणाला पासपोर्ट क्रमांक लागतो, दुसऱ्याच्या नावाचं तिकीट तपासणीत अडकतं.

पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्याच्या मोहात पडू नका. काचा बंद असतात. चहाचे मळे काचेतून बघायचे तर मग टीव्ही काय वाईट? दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाच्या खिडक्या उघडतात.

दारात लटकून फोटो काढायची तिथे फॅशन झाली आहे. बोगद्याची भिंत, खांब आणि झुडपं डब्यापासून हातभर अंतरावर असतात. आत राहून, दांडी धरून काढा. तिकीट टाकून देऊ नका, बाहेर पडताना ते दारावर घेतात.

पायवाट_०७
बापरे, अख्खा प्लॅनच फिरवलात. पण पटतंय. अरुगम बे आणि अनुराधापुरा कापले. रेल्वेचा उपाय क्र. २ घेतो.

बसमध्ये सॅकचं काय? आणि एसी बस असतात म्हणे, त्या का नकोत? मुलींसाठी काही वेगळं?

ताकभात
बसचे प्रकार कळले की अर्धा गोंधळ संपतो.

लाल बस म्हणजे सरकारी, श्रीलंका परिवहन मंडळाची. आपली लालपरीच समजा, बऱ्याच गाड्या लेलँड आणि टाटाच्याच. बाकी रंगांच्या खाजगी. भाडं जवळपास सारखं, शंभर किमीला साधारण ३०० ते ४०० श्रीलंकन रुपये. फरक स्वभावाचा. खाजगीवाल्याची कमाई त्या दिवशीच्या गल्ल्यावर, त्यामुळे स्टँडमधून भरेपर्यंत रेंगाळतो आणि बाहेर पडला की पुढच्या बसशी शर्यत लावतो. घाटात ज्यांना मळमळतं त्यांनी लाल बस बघावी.

पाटी सिंहली, तमिळ आणि इंग्रजीत असते आणि मार्गक्रमांक मोठा. गावाच्या नावापेक्षा क्रमांक लक्षात ठेवा. विमानतळ–कोलंबो १८७, कोलंबो–कँडी १, कोलंबो–गॉल–मातरा २.

सॅक: डोक्यावरच्या फळीवर ४० लिटरची सॅक बसत नाही, तीच मुख्य अडचण. ठेवायच्या जागा तीन. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला इंजिनाशेजारी, मागच्या दाराजवळ, किंवा काही गाड्यांना मागे डिकी. चढतानाच कंडक्टरला सॅक दाखवायची, तो जागा दाखवतो. इंजिनाजवळ पत्रा तापतो, त्यामुळे चॉकलेट, औषधं, पॉवर बँक त्या बाजूच्या कप्प्यात नकोत. पासपोर्ट-पैशांची छोटी पिशवी कायम अंगावर. चौघांनी चार सॅक एकत्र रचून एकाने त्या दिसतील अशा जागी बसायचं. चाकांची बॅग आणू नका. ४० लिटर आणि ८ किलोच्या आत राहिलात तर वेळ पडल्यास मांडीवर घेता येते, हीच खरी मर्यादा. रेनकव्हर वाऱ्याने उडतं, आत एक जाड प्लास्टिकची पिशवी घाला.

एसी बस दोन प्रकारच्या. गॉल–कोलंबो द्रुतगती मार्गावरच्या उत्तम, तास-दीड तासात माकुंबुराला (कोलंबोच्या वेशीवरचं बस स्थानक) सोडतात. त्या जरूर घ्या, पण समुद्र दिसणार नाही. दुसऱ्या गावोगावच्या एसी मिनीबस. त्यात मधल्या वाटेवरही घडीची सीट पाडून माणूस बसवतात, सॅकला जागाच नाही. मग सॅकचं वेगळं तिकीट मागतात, आणि ते वाजवी आहे, कारण सॅक खरंच एक सीट खाते. मधल्या घडीच्या सीटवर बसलात तर मागचा प्रत्येक प्रवासी उतरताना तुम्हाला उठावं लागतं.

बसायचं कुठे? पुढची पहिली जागा भिक्खूंसाठी राखीव असते. रिकामी दिसली तर बसू शकता, भिक्खू चढले की न सांगता उठायचं. भिक्खूंच्या शेजारच्या जागेवर बाईने बसायचं नाही, हे मुलींनी लक्षात ठेवा. शेवटची ओळ टाळा, चाकाच्या मागे असल्याने प्रत्येक खड्ड्याला उडवते. तिसरी-चौथी ओळ, उन्हाची उलटी बाजू. सकाळी दक्षिणेकडे जाताना ऊन डावीकडून येतं, तर उजवीकडे बसा.

मुलींसाठी: खच्चून गर्दीच्या बसमध्ये धक्के-स्पर्शाचा त्रास आपल्याकडे होतो तसा तिथेही होतो. दोघींनी शेजारी बसावं, बाहेरच्या सीटवर उभ्या माणसाच्या बाजूला छोटी पिशवी घ्यावी, उभं राहायची वेळ आली तर बायकांच्या ओळीजवळ. मोठ्याने बोललं की आजूबाजूचे लगेच लक्ष घालतात. पर्यटक पोलिसांचा क्रमांक १९१२, पोलीस ११९, रुग्णवाहिका १९९० (ही मोफत सेवा २०१६ साली भारताच्या मदतीने सुरू झाली).

उतरायचं असेल तर 'बहिनवा' म्हणायचं. किंमत विचारायला 'कीयद'. आडमार्गावरची शेवटची बस संध्याकाळी सहा-सातला संपते, साडेसहापर्यंत अंधार पडतो. दुपारी तीननंतर नवा लांबचा टप्पा सुरू करू नका.

घाटमाथा
ताकभातला एक पुरवणी. एल्ला–मातरा थेट बस थोड्या आहेत, त्यांची वाट बघत एल्लाच्या रस्त्यावर दोन तास उन्हात उभं राहणारे खूप. त्यापेक्षा जी मिळेल ती वेल्लवायाची बस धरा (२८ किमी, तासाच्या आत, वाटेत रावण धबधबा रस्त्यालाच लागतो). वेल्लवाया मोठं जंक्शन आहे, तिथून मातराकडे, तिस्सामहारामाकडे बस मिळत राहतात. एल्लाहून मातरा एकूण पाच तास धरा.

आणि एल्लाबद्दल माझं मत: गाव आता कॅफेंची रांग झालंय. हपुतले घ्या. तेच डोंगर, कमी गर्दी, स्टेशन गावातच.

दुसरी_खिडकी
असहमत. हपुतलेला दुपारनंतर ढग चढतात आणि समोर पांढरी भिंत उरते. चौघं तरुण पहिल्यांदा जाताहेत, एल्लाहून नऊ कमानींचा पूल (१९२१ चा) आणि लिट्ल ॲडम्स पीक दोन्ही पायी होतात. हपुतलेचं लिप्टन्स सीट (डोंगरावरून देखावा बघायची जागा) एका सकाळीत उरकतं. एल्ला ठेवा, खोली मात्र मुख्य रस्त्यापासून लांब घ्या. जाकीट न्या, नुवारा एलिया १,८६८ मीटरवर आहे आणि फेब्रुवारीत रात्री चांगलीच थंडी असते.

भेर्ली_माड
शाकाहारी मैत्रिणीसाठी. तिथे मासे-मटण टाळणं सोपं, उंबलकड टाळणं कठीण. उंबलकड म्हणजे वाळवून टणक केलेला बांगडा-ट्यूनाच्या जातीचा मासा. कुटून चिमूटभर टाकतात, आपण हिंग टाकतो तसा. खोबऱ्याच्या चटणीत (पोल सांबोल) हमखास, पालेभाजीत, कधी वरणातही. 'व्हेज' म्हटल्यावर वाढणारा खोटं बोलत नसतो, त्याच्या लेखी तो मसाला आहे. म्हणून नाव घेऊन सांगायचं: 'उंबलकड नॅ, माळु नॅ, मस् नॅ, बित्तर नॅ'. म्हणजे उंबलकड, मासे, मांस, अंडं नाही.

निर्धास्त जेवायचं तर तमिळ शैव खाणावळी शोधा. कँडी, नुवारा एलिया, कोलंबो सगळीकडे आहेत, दोसे-वडे मिळतात. दुपारी साध्या खाणावळीत भात आणि तीन-चार भाज्या, त्यात परिप्पु म्हणजे नारळाच्या दुधातलं मसूरडाळीचं वरण. अशा खाणावळीला तिथेही 'हॉटेल'च म्हणतात. बसप्रवासाला 'बत् पॅकेट', म्हणजे बांधून दिलेला भात. बत् म्हणजे आपला भातच, शब्द ओळखीचा वाटेल.

'शॉर्ट ईट्स' मागितले की टेबलावर दहा-बारा पदार्थांची थाळी आणून ठेवतात. घाबरू नका, खाल्लं तेवढ्याचेच पैसे. पण त्यातल्या त्रिकोणी आणि लांबट रोलमध्ये बहुतेक वेळा मासे किंवा अंडं असतं, तिने फोडून बघितल्याशिवाय घेऊ नये. तव्यावर सुऱ्यांचा खणखणाट करत बनतो तो कोत्तु (चिरलेल्या रोटीचा), व्हेज सांगितला तरी तवा तोच.

तिस्सामहारामा–हंबनतोटा रस्त्याला मातीच्या भांड्यातलं म्हशीचं दही आणि कितुलचा पाक मिळतो. कितुल म्हणजे कोकणातला भेर्ली माड. तिला हे खायला घालाच.

नळाचं पाणी पिऊ नका. मलेरियाचं भय नको, २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश मलेरियामुक्त जाहीर केला. डेंग्यू मात्र आहे आणि त्याचा डास दिवसा चावतो, म्हणजे क्रीम सकाळी लावायचं, झोपताना नव्हे.

ताकभात
पैशाचा प्रश्न राहिला. एका भारतीय रुपयाला तीन-साडेतीन श्रीलंकन रुपये धरा. थोडे कोरे डॉलर विमानतळावरच्या बँकेच्या खिडकीवर बदला, पावती जपा, बाकी एटीएम. यूपीआय फेब्रुवारी २०२४ पासून काही दुकानांत चालतं, बसमध्ये नाही. एटीएममधून ५,००० च्या नोटा येतात आणि ६० रुपयांच्या तिकिटाला कंडक्टर त्या घेत नाही. सुपरमार्केटात पाणी-बिस्किटं घेऊन मोडा, २०-५०-१०० च्या नोटा वेगळ्या ठेवा.

चौघांचा एक गल्ला करा: प्रत्येकाने रोज सकाळी सारखी रक्कम टाकायची, बस, जेवण, रिक्षा त्यातून, हिशेब एकाकडे. कंडक्टरला चारचे पैसे एकदम मिळतात, सुट्ट्याची बोंब कमी होते. रिक्षा तीन माणसांची असते, त्यामुळे चौघांना दोन लागतात. मोठ्या शहरांत पिकमी ॲप लावा, भाडं आधी दिसतं.

व्हिसासाठी ईटीए (ऑनलाइन प्रवेश परवाना) फक्त सरकारी संकेतस्थळावरून. हुबेहूब दिसणारी दलालांची पानं शोधात वर येतात आणि जादा पैसे घेतात.

आणखी एक, देवळाबद्दल आणि अंगावरच्या गोष्टींबद्दल. देवळात गुडघे-खांदे झाकलेले हवेत, टोपी-चप्पल बाहेर, बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी अजिबात नाही. कोणाच्या दंडावर बुद्धाचा टॅटू असेल तर तो पूर्ण बाहीखाली ठेवा. आपल्याकडे तो श्रद्धेने काढतात, तिथे तो अवमान मानला जातो. २०१४ साली एका ब्रिटिश पर्यटक बाईला याच कारणाने परत पाठवलं होतं. बुद्धाचं चित्र असलेले टी-शर्टही घरीच ठेवा.

पायवाट_०७
एकाच्या दंडावर आहे!! बरं झालं सांगितलंत.

शेवटचं: १५ ला विमान रात्री साडेअकराला. गॉलहून किती वाजता निघू? आणि पहिल्या रात्री ११ ला १८७ मिळेल का?

दुसरी_खिडकी
पहिल्या रात्री बसच्या नादी लागू नका. सामान, सिम, पैसे होईपर्यंत साडेबारा वाजतात. ॲपवरून गाडी करून निगोंबो, दहा-बारा किमी, चौघांत काहीच पडत नाही.

१५ ला गॉलहून सकाळी अकराच्या आसपासची रेल्वे बघा, कोलंबो फोर्टला अडीच-तीन तास. डावीकडे बसा, समुद्र त्या बाजूला असतो (कोलंबोहून येताना उजवीकडे). काही ठिकाणी रूळ लाटांना खेटून जातो. फोर्टला दोन-अडीचला पोचलात की पेट्ट्याचा बाजार पायी पाच मिनिटांवर, तिथे जेवा, मसाले घ्या. १८७ ची द्रुतगती बस पेट्ट्यातून मिळते, तासाभरात विमानतळाजवळ. संध्याकाळच्या कोंडीमुळे साडेपाचच्या पुढे थांबू नका. गॉलची गाडी रद्द झाली तर वेळ घालवू नका, स्टेशनसमोरच बस स्टँड आहे, तिथून माकुंबुराची एसी बस धरा.